माधवरावांना वारशात काय मिळालं आणि त्यांनी त्याचं काय केलं

प्रश्न सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे. तो विचारतो: थोरल्या माधवराव पेशव्यांना सोळाव्या वर्षी वडिलांची गादी आयती मिळाली. आमच्या नोट्समध्ये त्यांच्याबद्दल ‘न्यायप्रिय, कर्तव्यदक्ष, भ्रष्टाचारास आळा घातला’ एवढंच असतं. त्यांनी नेमकं केलं काय? आणि एवढं केलं होतं, तर ते गेल्यावर वर्षाच्या आत शनिवारवाड्यात भावाचा खून कसा झाला?

प्रश्न चांगला आहे, कारण त्यातली शंका रास्त आहे. माझी बरीच वर्षं पुण्यात मोडी कागद वाचण्यात आणि वाचायला शिकवण्यात गेली. दफ्तरातून जो माधवराव दिसतो तो चित्रातल्या माधवरावापेक्षा बराच वेगळा आहे. तो करारी, तापट आणि आजारी आहे, आणि त्याचं लक्ष सतत हिशेबात असतं.

आधी ‘आयती’ या शब्दाकडे येतो. माधवराव नानासाहेबांचे दुसरे चिरंजीव, जन्म फेब्रुवारी 1745 चा, सावनूरचा. गादी त्यांच्याकडे येणारच नव्हती. थोरले विश्वासराव 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पडले, चुलते सदाशिवरावभाऊही तिथंच गेले, आणि खचलेल्या नानासाहेबांनी 23 जून 1761 ला पर्वतीवर देह ठेवला. महिन्याभरात साताऱ्याला रामराजे छत्रपतींच्या हातून माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. कागदोपत्री पेशवा हा छत्रपतींचा नोकरच. पण शाहू महाराज 1749 मध्ये गेल्यानंतर कारभाराचं केंद्र साताऱ्याहून पुण्याला आलं होतं. म्हणजे पद कायद्यानं नेमणुकीचं, व्यवहारात बापाकडून मुलाकडे जाणारं, आणि दोन्हीचे तोटे माधवरावांच्या वाट्याला आले.

त्या वेळी पुण्यात होतं काय? उत्तरेत एक अख्खी पिढी कापली गेलेली. नानासाहेबांनी मागे ठेवलेलं सावकारांचं मोठं कर्ज. कारभार चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब आणि मुरब्बी कारभारी सखारामबापू बोकील यांच्या हातात. वर आई गोपिकाबाईंचं लक्ष. सोळा वर्षांच्या पोराला शिक्का मिळाला होता, सत्ता नव्हती. निजामानं संधी साधून 1761 च्या अखेरीस थेट पुण्याच्या दिशेनं मुसंडी मारली. उरुळीजवळ तो कोंडीत सापडलाही होता, पण दादासाहेबांनी त्याला फारसं न पिळता मोकळं सोडलं. पुढं पुतण्याशी बिनसलंच तर हाच निजाम कामाला येईल, हा त्यामागचा हिशेब.

आणि तसंच झालं. 1762 च्या नोव्हेंबरात घोडनदीवर आणि पाठोपाठ आळेगावला काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. पुतण्या हरला. नोट्समध्ये बहुधा हे नसतं, पण मला विचाराल तर माधवरावांच्या राजकारणाचा पाया इथंच आहे. पळून जाऊन एखाद्या सरदाराच्या किंवा निजामाच्या आश्रयाला राहणं शक्य होतं. दादासाहेबांनी आयुष्यभर तेच केलं. माधवराव स्वतःहून काकांच्या छावणीत गेले आणि ताब्यात राहिले. गादी दुभंगली तर दोघांनाही काही उरणार नाही, हे त्या वयात त्यांना कळलेलं दिसतं. त्यानंतरचे महिने ते नावाचे पेशवे होते. दादासाहेबांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. मिरजेवर चालून जाऊन पटवर्धनांना दुखावलं आणि गोपाळराव पटवर्धनांसारखा मातबर माणूस निजामाला जाऊन मिळाला. 1763 च्या उन्हाळ्यात निजामानं पुणं लुटलं, जाळलं. माणसं चीजवस्तू घेऊन सिंहगड-पुरंदराकडे पळाली, पर्वतीवरचे देव सिंहगडावर हलवावे लागले.

त्याच वर्षी 10 ऑगस्टला गोदाकाठी राक्षसभुवनला मराठ्यांनी निजामाच्या फौजेला गाठलं. दादासाहेब वेढ्यात सापडले होते. त्यांना सोडवून लढाई फिरवली ती माधवरावांनी. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं मारला गेला. या लढाईनंतर कारभार खऱ्या अर्थानं माधवरावांच्या हाती आला. तेव्हा वय अठरा. पुढची नऊ वर्षं मोजायची तर इथून मोजा, 1761 पासून नको.

आता सुधारणा. सगळ्यांत आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माधवरावांनी नवा कायदा असा जवळजवळ केलाच नाही. नियम, पदं, तपासणीच्या पद्धती बहुतेक शाहू-नानासाहेबांच्या काळापासून होत्याच. माधवरावांनी त्या पाळायला लावल्या. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण दफ्तर वाचलेल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही.

मुलखाचा वसूल कसा चालायचा ते पाहा. पुण्यात हुजूर दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, दर परगण्याचा बेहेडा तयार व्हायचा, म्हणजे अपेक्षित जमा आणि मंजूर खर्चाचा अंदाज. वसूल करणारा अधिकारी, म्हणजे कमाविसदार किंवा मामलेदार, नेमला की त्याच्याकडून रकमेचा काही भाग आधीच घ्यायचे, त्याला रसद म्हणत. हा पैसा तो बहुतेक वेळा सावकाराकडून व्याजानं उचलायचा आणि मुलखात गेल्यावर सव्याज काढायचा. शिवाय नेमणूक मिळवताना दरबारी मंडळींचे हात ओले करावे लागत. त्या गुपचूप रकमेला कागदांतसुद्धा ‘अंतस्थ’ असं सभ्य नाव आहे. मग हा सगळा पैसा शेवटी निघायचा कुठून? रयतेकडून. जादा पट्ट्या, वसुलात दाखवायची तूट, कागदावरच असलेल्या शिबंदीचा, म्हणजे शिपायांचा, पगार, अशा वाटा ठरलेल्या होत्या. आजच्या सरकारी कचेरीत वावरलेल्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

यावर उपाय म्हणून जी योजना होती तिचं मला अजून कौतुक वाटतं. कमाविसदाराबरोबर फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस असे दरखदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून, कमाविसदाराला त्यांना काढता येत नसे. फडणिसाच्या नोंदीशिवाय आणि मुजुमदाराच्या तपासणीशिवाय हिशेब पुरा होत नसे. वर्षअखेर पुण्यात त्या हिशेबाची झडती, म्हणजे कसून तपासणी. आता हे दरखदार कमाविसदाराच्या पंगतीला जाऊन बसले की कुंपणच शेत खायला लागतं, आणि नानासाहेबांच्या उत्तरार्धात, मोहिमांच्या धामधुमीत, नेमकं हेच चाललं होतं. माधवरावांनी झडत्या स्वतः लक्ष घालून करायला लावल्या. ज्याच्या हिशेबात पाणी मुरतंय असं दिसलं त्याला पुण्याला बोलावून घेतलं, दंड घेतला, रक्कम वसूल केली. फडात, म्हणजे हिशेबाच्या कचेरीत, बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढचे नाना फडणीस, याच काळात तयार झाले. नानांना आपण मुत्सद्दी म्हणून ओळखतो. पण त्यांची उमेदवारी आकडे तपासण्यात झाली हे विसरून त्यांचं पुढचं राजकारण समजत नाही.

माधवरावांच्या सरकारी रोजनिशीतल्या नोंदी एकदा सलग वाचून पाहाव्यात. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या नोंदी छापील आहेत, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आहेत, मोडी येत नसली तरी अडत नाही. वर्षाचा आकडा अरबीत असतो. पेशवाईचं पहिलं वर्ष ‘इसन्ने सितैन मया व अलफ’, म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार, शुहूर सन 1162. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, कारण सरकारचं वर्ष पेरणीचंच वर्ष होतं. सुरुवातीला या नोंदी रुक्ष वाटतात. अमक्या परगण्यात धामधुमीनं गावं उजाड झाली, अमक्याला कौल दिला, इतकी सूट, अशा. पण वीसपंचवीस पानं झाली की लक्षात येतं, इथं युद्धानं मोडलेला मुलूख गावागावानं परत उभा केला जातोय. त्यासाठीची हत्यारं दोन-तीनच. एक कौल. परागंदा झालेल्या रयतेला लेखी भरवसा की या, नांगर धरा, मागची बाकी काढून छळणार नाही. दुसरा इस्तावा. पडीक जमीन लागवडीला आणली की पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा थोडा चढवत ठरलेल्या वर्षी पूर्ण दरावर. आणि तिसरी तगाई, बी-बियाणं आणि बैलांसाठी. यातलं एकही माधवरावांनी शोधलेलं नाही. पण कौल दिल्यावर कमाविसदारानं तो मोडला तर त्याची तक्रार पुण्यापर्यंत पोचते आणि तिचा निकाल लागतो, हा विश्वास बसला तरच कौलाला किंमत. नाहीतर तो कागदच.

वेठीचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. सरकारी माणूस किंवा सरदाराचा लवाजमा गावावरून निघाला की सामान वाहायला गावातली माणसं फुकटात धरायची, पुढच्या गावापर्यंत न्यायची, तिथं दुसरी धरायची. ऐन सुगीत कुणबी शेतातून उठवला की पीक गेलं. माधवरावांनी हे बंद करायचा हुकूम काढला आणि बड्या मंडळींनी तो चोरून मोडायला सुरुवात केली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं पुढचा प्रसंग नोंदवला आहे. वसईचा सुभेदार विसाजीपंत यानं किमती माल वेठीच्या माणसांकडून वाहून नेल्याची खबर पेशव्यांना लागली. त्यांनी तो माल जप्त केला, शेतीच्या कामावरून उठवलेल्या माणसांना मोबदला दिला आणि हुकूम नव्यानं जारी केला. पेशव्यांची हेरव्यवस्था ठाऊक असल्यानं नंतर कुणाची टाप झाली नाही, असं डफ म्हणतो. याच डफचं दुसरं एक मत, पानिपतसुद्धा मराठी राज्याला या पेशव्याच्या अकाली जाण्याहून अधिक भोवलं नाही हे, व्याख्यानांतून लोक येता-जाता सांगतात. हा वेठीचा परिच्छेद मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरा माधवराव तिथं आहे. एक हुकूम, मग तो मोडणारा आपल्यातलाच बडा अधिकारी, मग त्याच्यावर कारवाई आणि शिवाय राबवल्या गेलेल्या माणसाला भरपाई. शेवटची पायरी आजही फारशी कुणी चढत नाही.

पण परीक्षेत ‘माधवरावांनी वेठबिगार नष्ट केली’ असं छातीठोक लिहू नका. त्यांनी तिला त्यांच्या हयातीत लगाम घातला. गावगाड्यातली महारांच्या वतनाची वेठ तर चालूच राहिली. ती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांना 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावं लागलं आणि कनिष्ठ वतनं रद्द व्हायला 1950 चं दशक संपत यावं लागलं. माधवरावांना समाजसुधारक म्हणणं म्हणजे त्यांच्या गळ्यात दुसऱ्याचे हार घालणं आहे. जातीची उतरंड त्यांनी जशी होती तशी ठेवली. त्यांच्या चितेवर रमाबाई सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे, चिंतामणीच्या दर्शनाला जाणारे तिथंही हात जोडतात.

रामशास्त्री प्रभुण्यांबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. माहुलीचे शास्त्री, नानासाहेबांच्या काळापासून पुण्यात. पेशवे जपात गढलेले म्हणून काम खोळंबलं, तर त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली आणि सुनावलं की राज्य हाती घेतलंत तर रयतेचं हित हाच धर्म, नाहीतर चला माझ्याबरोबर गंगेकाठी. ही कथा डफनंही दिली आहे. मला तिच्यातला बाणा आवडतो. पण महत्त्वाचं आहे ते हे की न्यायाधीशाला असं बोलता येईल इतकं अभय होतं आणि ते पेशव्यानं राखलं. त्या अभयाची खरी परीक्षा माधवराव गेल्यावर झाली. नारायणरावांच्या खुनात रघुनाथरावांना दोषी धरून याच शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, तेही पेशवेपदावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर, आणि पुणं सोडून निघून गेले.

आता वारशाकडे परत येतो, कारण माधवरावांचं सगळ्यांत अवघड काम तिथंच होतं. मराठी राज्य म्हणजे सरदारांच्या सरंजामांची, म्हणजे फौज बाळगण्यासाठी दिलेल्या मुलखांची, मोट, आणि सरंजाम व्यवहारात वंशपरंपरेनं चालत. प्रत्येक घराण्यात एक आळेगाव दबा धरून बसलेलं. मल्हारराव होळकर 1766 मध्ये गेले, नातू मालेराव पुढच्याच वर्षी गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि दादासाहेबांचा डोळा होळकरांच्या दौलतीवर. माधवरावांनी अहिल्याबाईंचा कारभार मान्य केला आणि फौजेला तुकोजी होळकर दिले. सत्तेचा वारस पुरुषच हवा असं म्हणायला तेव्हा सगळे मोकळे होते. पेशव्यांनी बघितलं ते कोण चालवू शकेल हे. शिंद्यांच्या घरातला वारसा-तंटाही असाच महादजींच्या बाजूनं सुटला. नागपूरच्या जानोजी भोसल्यांना 1769 मध्ये कनकापूरच्या तहानं वठणीवर आणलं. दोन वर्षांत मराठी फौजा दिल्लीत होत्या आणि जानेवारी 1772 मध्ये शाह आलम त्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. पानिपताला अवघी अकरा वर्षं झाली होती. कर्नाटकात हैदरवर एकामागून एक मोहिमा चालू होत्या, त्यांचा तपशील इथं देत बसत नाही. एवढंच की 1770 च्या मोहिमेतून क्षयानं त्यांना माघारी फिरवलं आणि फौज त्रिंबकमामा पेठ्यांच्या हाती द्यावी लागली.

हे सगळं जमलं, स्वतःच्या घरातलं मात्र सुटलं नाही. दादासाहेबांनी अमृतरावांना दत्तक घेतलं, अर्ध्या राज्याची मागणी पुढं केली, फौज जमवली. इंग्रजांनी नेमक्या याच सुमारास मॉस्टिनला पुण्याला आणि ब्रोमला नाशिकला दादासाहेबांकडे पाठवलं होतं. घरातली भांडणं बाहेर किती स्पष्ट दिसत होती ते बघा. जून 1768 मध्ये धोडपला माधवरावांनी काकांना पकडलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. घरच्या माणसाचं रक्त सांडायचं नाही, हद्दपार करावं तर तो निजामाला किंवा इंग्रजांना जाऊन मिळणार. मग उरतं काय? वाड्यातच पहारा. त्या घडीला याहून शहाणपणाचा मार्ग मलाही दिसत नाही.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर याच पहाऱ्यात आहे. थेऊरला अखेरच्या आजारात माधवरावांनी नऊ कलमांची यादी करून ठेवली. कर्ज फेडून टाकावं ही आज्ञा तिच्यात आहे, काशी-प्रयाग सोडवण्याची इच्छा आहे. पण त्यांना मूल नव्हतं. धाकटे नारायणराव सतरा वर्षांचे, उतावळ्या स्वभावाचे. त्यांचा हात काकांच्या हातात देऊन 18 नोव्हेंबर 1772 ला, सत्ताविसाव्या वर्षी, माधवराव गेले. हिशेबाला फडणीस होते, न्यायाला शास्त्री होते, फौजेला सरदार होते. गादीवर कोण आणि काकांचं काय, या दोन प्रश्नांना मात्र माधवराव स्वतः हाच एक बंदोबस्त होता. तो गेला आणि 30 ऑगस्ट 1773 ला गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, वाड्यात नारायणरावांना मारलं. शनिवारवाड्याला आलेल्या पाहुण्यांना फक्त ‘काका, मला वाचवा’ ऐकायचं असतं, तिथले सांगणारेही तेवढंच रंगवतात. पण ती किंकाळी बारा वर्षं अगोदर, वस्त्रं आली तेव्हापासून, दाबून धरलेली होती.

मग सगळं वाया गेलं का? नाही. खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, दादासाहेबांना हुसकून लावलं आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावानं राज्य चालवलं. ते चालवू शकले, कारण बेहेडे, दरखदार, झडत्या हे सगळं चालू स्थितीत हाती आलं होतं आणि ते फिरवणारे नाना, हरिपंत फडके हे माधवरावांच्या हाताखाली घडलेले. ही घडी मोडली ती दुसऱ्या बाजीरावानं, दादासाहेबांच्याच मुलानं. त्यानं मामलती, म्हणजे वसुलाचे अधिकार, जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्यानं द्यायला सुरुवात केली. राज्य बुडाल्यावर 1819 मध्ये एल्फिन्स्टननं जो अहवाल लिहिला, त्यात जुनी मामलेदारी आणि बाजीरावाचा मक्ता यांतला फरक त्यानं नोंदवला आहे. नाना फडणिसांच्या वेळची पद्धत म्हणून ज्याचं वर्णन तो करतो, त्याचं बरंचसं काम 1763 ते 1772 या नऊ वर्षांतलं आहे.